प्रवरेच्या काठाने एकट्याची मजल

गेल्या काही वर्षांत पाठीवर पिशवी टाकून, कोणाचीही सोबत न घेता, समुद्राच्या काठाकाठाने हिंडण्याची आवड आपल्या तरुण पिढीत चांगलीच रुजली आहे. कोणी गोकर्णाच्या पुळणीवर मुक्काम ठोकतो, कोणी मंगळूरजवळच्या मुलकीला जाऊन फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याची विद्या शिकतो, आणि रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने कोकण पालथे घालणारे तर आता ठायी ठायी भेटतात. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, वाट्याला समुद्र आलेला नाही. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले म्हणजे पायांखाली कोकण पसरलेले दिसते, एवढाच काय तो या जिल्ह्याचा सागराशी संबंध. परंतु एक अखंड काठ त्याला लाभला आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावून सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेकडे वाहणारी आणि जिल्ह्याची सरहद्द न ओलांडता त्याच्या टोकावर गोदावरीला मिळणारी प्रवरा, हा तो काठ होय. ज्याला एकट्याने, खांद्यावरच्या पिशवीनिशी, थोडे पायी आणि थोडे एस.टी.ने हिंडावयाचे आहे, त्याने एकवार तरी हा काठ उगमापासून संगमापर्यंत उतरावा, असे मी आग्रहाने सुचवीन. कारण एवढ्या लहान अंतरात निसर्गाची, शेतीची आणि इतिहासाची इतकी स्थित्यंतरे दाखविणारी दुसरी वाट निदान माझ्या परिचयाची नाही.

नदीच्या काठाने चालणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. नर्मदा उजव्या हाताला ठेवून तिची परिक्रमा करणारे, सदावर्तावर आणि गावोगावच्या ओसरीवर विसंबून महिनोन्‌महिने चालणारे मराठी लोक आजही शेकड्यांनी निघतात, आणि त्यांतील पुष्कळसे एकटेच निघतात. एकट्याच्या प्रवासाचे मर्म त्यांना ठाऊक असते. चौघांची टोळी गावात शिरली म्हणजे ती आपल्यातच बोलते आणि गाव तिच्याकडे दुरून पाहते. एकटा माणूस मात्र पाराशी येऊन टेकला की त्याची चौकशी होणे अटळ असते. रतनवाडीच्या वाटेवर मोळी घेऊन निघालेली एखादी आजी “एकलाच आला का रं बाबा? घरची माणसं कुठं ऱ्हायली?” असे थांबून विचारते, आणि त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्याला रात्रीच्या मुक्कामाची निराळी तजवीज बहुधा करावी लागत नाही. एकट्या निघणाऱ्या मुलींना या आस्थेच्या जोडीला अधिक सावधगिरीही बाळगावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उजेडात मुक्काम गाठावा, मुक्कामाचे गाव घरी कळवून ठेवावे आणि शक्यतो कुटुंब राहते अशाच घरी उतरावे, हे नियम त्यांनी पाळावेत. किंबहुना ते सर्वांनीच पाळावेत.

प्रारंभ रतनवाडीपासून करावा. मुंबईकडून येणाऱ्याने घोटीवरून आणि नगर-पुण्याकडून येणाऱ्याने संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने शेंडी गाठावी, आणि तेथून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने रतनवाडीस जावे. राजूरला पेढे विकत घ्यावेत. ते वाटेत टिकतात आणि ओळख करून देण्यासही उपयोगी पडतात. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळचे मानले जाते. त्याच्या शिखरावरील कोरीव काम इतके बारीक आहे की पावसाळी धुक्यात ते प्रथम दिसतच नाही, आणि धुके विरळ होऊ लागले की एकेक थर उमटत जातो. शेजारच्या पायऱ्यांच्या पुष्करिणीत चारही बाजूंना लहान लहान देवकोष्ठे असून त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मागे रतनगड उभा असतो, आणि त्याच्या माथ्यावरचे ‘नेढे’, म्हणजे वाऱ्यापावसाने कातळात आरपार पाडलेले भोक, आकाश स्वच्छ असल्यास खालूनही दिसते.

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर यांचा. इंग्रजी अमलाविरुद्ध उठून 1848 साली ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे येथल्याच देवगावचे. घाटघर-रतनवाडीच्या टापूत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागात पाचशेची सरासरी गाठली तरी शेतकरी समाधान मानतो. त्यामुळे काठावरच्या ताटातील अन्नही मजलागणिक बदलत जाते. वर भात, वरई आणि नागली, पुढे बाजरी, त्यानंतर ऊस आणि गहू. रतनवाडीच्या चुलीवरची नागलीची भाकरी काळसर, जाड आणि कडेला किंचित भेगाळलेली असते. ती तव्यावरून थेट हातात येते, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवलेला असतो, आणि दिवसभर भिजत चाललेल्या माणसाला तिच्यासारखे ऊबदार दुसरे काही लाभत नाही. गावठी वाणांचे बियाणे जपणाऱ्या, पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. या भाकरीची चव घेतल्यावर त्यांच्या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

भंडारदऱ्याचे धरण 1910 साली बांधण्यास घेतले आणि 1926 साली पुरे झाले. दगड आणि चुना यांत बांधलेल्या, 270 फूट उंचीच्या या भिंतीला गव्हर्नर विल्सन यांचे नाव दिले आहे. पावसाच्या सुरुवातीस, मे-जूनच्या संधिकाळी, या परिसरात हिरडा-बेहड्याच्या झाडांवर लक्षावधी काजवे एका लयीत उजळतात, आणि ते पाहण्यास मोटारींची रीघ लागते. मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांच्या मीलनात विघ्न येते, याचे भान पाहणाऱ्यांनी ठेवले पाहिजे. पायी आणि अंधारात उभे राहणारा एकटा प्रवासी तेथे सर्वांत निरुपद्रवी पाहुणा होय. पुढे रंधा धबधबा लागतो. त्याच्या निसरड्या कातळावर उत्साही तरुणांनी प्राण गमावलेले आहेत, तेव्हा कठड्याच्या आतूनच दर्शन घेऊन पुढची वाट धरावी.

अकोल्याचा अगस्तींचा आश्रम आणि संगमनेर येथला म्हाळुंगीचा संगम हे टप्पे मी येथे लवकर उरकतो. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे गाव, एवढे स्मरण ठेवून त्याच्या गजबजलेल्या स्थानकावरून जोर्वे गाठावे.

जोर्वे हे प्रवरेच्या डाव्या काठावरचे दिसायला अगदी साधे गाव. 1950-51 साली डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. शांताराम देव यांनी येथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, आणि काळ्या रेषांनी चितारलेल्या, टणक भाजलेल्या तांबड्या मडक्यांची एक संस्कृती उजेडात आली. तेव्हापासून महाराष्ट्रात जेथे जेथे तशी तोटीची भांडी सापडली, तेथे तेथे अभ्यासकांनी त्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असेच म्हटले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या आरंभीच्या शेतकऱ्यांना या गावाने आपले नाव दिले आहे. आणखी खाली, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. तेथे 1974 साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणून काढताना ओतीव काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. रथ हातभर लांबीचा. त्यावर सारथी ताठ उभा आहे, आणि दांडीवर एक कुत्रा मालकाच्या पुढे उभा राहिला आहे. आजही त्या काठावर बैलगाडीपुढे गाडीवानाचे कुत्रे धावताना दिसते, म्हणून त्या ओतकाराची नजर मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. या वस्तू आता त्या गावात नाहीत, आणि जागेवर पाहण्यासारखे टेकाडाखेरीज फारसे उरलेले नाही. तरीही तेथे जावे. काठाच्या कापात, मातीच्या थरांतून, खापऱ्या डोकावताना दिसतात. त्या पाहाव्यात, हाताळू नयेत आणि पिशवीत तर मुळीच टाकू नयेत, कारण उचललेल्या खापरीला थर राहत नाही आणि थराविना तिचे वय कळत नाही.

या सगळ्या भागात प्रवरा उन्हाळ्यात नदीच्या पात्रात दिसत नाही, हे नवख्या प्रवाशाच्या प्रथम ध्यानात येत नाही. भंडारदरा आणि त्याखालच्या निळवंडे धरणातून सुटलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर अडविले जाते आणि तेथून डाव्या-उजव्या पाटांनी दोन्ही काठांच्या शेतांत जाते. म्हणून ओझरनंतर नदीकाठाऐवजी पाटाकाठाने चालावे. तेथे भेटतो तो पाटकरी, सात नंबरचा अर्ज भरून पाण्याची वाट पाहणारा बागाईतदार, आणि “आवर्तन टेलपर्यंत पोचलं का?” हा ऋतू असेतोवर न संपणारा प्रश्न. पाण्याच्या या हिशेबावरच या प्रदेशाचे भाग्य बदलले. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला हंगाम 1950-51 चा, म्हणजे जोर्व्याच्या टेकाडात कुदळ पडली त्याच वर्षाचा. तीस-पस्तीस किलोमीटरांच्या आत, एकाच हिवाळ्यात, एका बाजूस आरंभीच्या शेतकऱ्याची मडकी वर येत होती आणि दुसऱ्या बाजूस आजचा शेतकरी गाळपाला ऊस घालीत होता, या योगायोगाचा आनंद मला पुन:पुन्हा होतो.

हंगामात गेल्यास फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसतात. बीड-पाथर्डीकडून आलेली ही कुटुंबे पहाटेच्या अंधारात कोयते घेऊन फडात उतरतात, आणि दुपारी बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधून रस्त्याकडेला विकावयास बसतात. या गोड पट्ट्याचा खर्च कोण सोसतो, हे तेथे थांबून बोलल्याशिवाय उमगत नाही. त्याच फडांत बिबट्यांचेही वास्तव्य आहे. अकोल्याच्या शेतीप्रदेशात कॅमेरे लावून केलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच बिबटे आढळले. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या मुलखात. दिवे लागण्यापूर्वी गावात पोहोचावे, उसाच्या कडेने वाकून बसू नये, आणि “तिकडून जाऊ नका, दादा” असे कोणी म्हटल्यास वाद न घालता वाट बदलावी. त्याचप्रमाणे पात्रातून आडवे जाण्याचा मोह टाळावा. बेसुमार वाळू उपशाने नदीत पुरुषभर खोलीचे खड्डे पडले आहेत आणि पाणी सुटले की ते वरून दिसत नाहीत. या उपशाने काठावरच्या विहिरींचे पाणी खाली गेले, हे दु:ख तर प्रत्येक ओट्यावर ऐकावयास मिळते.

कोल्हारचा पूल आणि बेलापूर मागे टाकून, मुळेचे पाणी पोटात घेऊन, प्रवरा नेवाशास येते. येथे शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब एका मंदिरात जपलेला आहे: उंची माणसाएवढी, दगड काळसर, त्यावर जुना शिलालेख. मंदिरात बोलणारे हलक्या आवाजात बोलतात. जवळच 1954 ते 1956 या काळात सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले आणि नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. म्हणजे दगड फोडणाऱ्या माणसापासून ओवी रचणाऱ्या माणसापर्यंतची सगळी साक्ष या एका गावाच्या परिघात आहे.

शेवटची मजल प्रवरासंगमाची. गोदावरीच्या पात्रात येथे जायकवाडीच्या जलाशयाची फूग पसरलेली असते आणि टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटावर उभे राहिले की दोन्ही नद्या एकमेकींपासून निराळ्या ओळखू येत नाहीत. बहुतेक प्रवासी येथून नगरची एस.टी. पकडतात. माझे सांगणे असे की त्यांनी पूल ओलांडून कायगावला जावे आणि तेथून पैठण गाठावे. 1965 साली पायाभरणी होऊन 1976 साली पुरे झालेले जायकवाडी धरण तेथे आहे, आणि 2005 च्या कायद्यानुसार टंचाईच्या वर्षी भंडारदरा-मुळा यांसारख्या वरच्या धरणांतून त्यासाठी पाणी सोडावे लागते. काठभर अलीकडच्या शेतकऱ्यांकडून “आमचं पाणी खाली नेलं” असे ऐकत आलेल्या प्रवाशाने “आमच्या हक्काचं पाणी वर अडवलं” हे पलीकडच्या शेतकऱ्यांचे म्हणणेही तितक्याच सावकाशीने ऐकून घ्यावे, आणि शक्य झाल्यास तेथे आणखी एक मुक्काम करावा. पैठणच्या स्थानकावरून परतीच्या गाड्यांची वाण नाही.