जुन्या नावाने हाक मारणारे प्रोग्राम

एका तक्त्यात जिल्हावार पाऊस आहे, दुसऱ्यात जिल्हावार पेरा. एकात ‘उस्मानाबाद’ लिहिले आहे, दुसऱ्यात ‘धाराशिव’. नावावरून दोन्ही तक्ते जोडले की संगणक हे दोन वेगळे जिल्हे धरतो आणि जोडलेल्या यादीतून आपला जिल्हा गळून जातो. चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

उस्मानाबाद शहराचे धाराशिव असे नामांतर करायला केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली. जिल्ह्याची आणि तालुक्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. रेल्वे स्थानकाचे नाव बदलायला २०२५ उजाडले; ‘यूएमडी’ हा संकेत तेव्हा ‘डीआरएसव्ही’ झाला. गाड्यांवरचे एमएच-२५ आणि पिन कोड ४१३५०१ यांना मात्र धक्का लागला नाही, कारण ते नावावरून बेतलेलेच नव्हते. शेळीची जात तर आजही उस्मानाबादीच आहे.

नाव बदलले की जुन्या नावावर विसंबणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे सतत असतो. लायब्ररी म्हणजे एकाने लिहिलेला आणि इतरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये वापरलेला कोड. आतली रचना लेखकाने हवी तशी बदलावी. पण कोणत्या नावाचे फंक्शन बोलवायचे, त्याला काय द्यायचे आणि त्यातून काय मिळणार, हा त्याने वापरणाऱ्यांना दिलेला शब्द असतो. तो मोडला की कोणाचे काय बंद पडेल, हे त्याला कळतही नाही. म्हणून व्हर्जनच्या तीन आकड्यांतला पहिला वाढवायचा असा रिवाज पडला: २.४.१ चे ३.०.० झाले की जुने काही मोडले आहे असे समजायचे.

नुसता आकडा वाढवून मात्र भागत नाही. जुने नाव नव्याकडे वळवून ठेवावे लागते. जगभरचे संगणक वेळेसाठी ज्या यादीवर विसंबतात, तिच्यात भारतीय वेळेची नोंद ‘एशिया/कलकत्ता’ अशी होती. ती २००८ मध्ये ‘एशिया/कोलकाता’ झाली, पण जुने नाव पर्यायी म्हणून ठेवले. जुन्या नावाने विचारणाऱ्या प्रोग्रामला आजही बरोबर वेळ मिळते.

नाव तेच ठेवून अर्थ बदलणे याहून कितीतरी घातक. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले. ‘उस्मानाबाद’ हे नाव तसेच राहिले. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद आणि २०११ चा उस्मानाबाद एका आलेखात मांडले, तर लोकसंख्या कोसळल्यासारखी दिसते. नावे जुळतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

पायथन या संगणकभाषेत २००८ साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा दोन्ही तऱ्हेचे बदल एकत्र झाले: उघडपणे मोडणारे आणि गुपचूप अर्थ बदलणारे. ‘प्रिंट’ जुन्या पद्धतीने लिहिले की प्रोग्राम तिथेच अडायचा. चूक सापडायची, दुरुस्त व्हायची. भागाकाराचे तसे नव्हते. ५ भागिले २ याचे उत्तर आधी २ येई, आता २.५ येऊ लागले. प्रोग्राम बिनतक्रार चालत राही आणि हिशेब बदलून जाई. हे ओळखून पायथनकारांनी २००१ मध्येच पूर्णांक भागाकारासाठी ‘//’ ही वेगळी खूण दिली होती. दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तोही १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवला.

अर्थ बदलायचाच असेल तर नवे नाव घ्यावे, आणि मुदत संपल्यावर जुन्या नावाने स्पष्ट नकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे. जिल्ह्यांच्या तक्त्यातही नावाशेजारी आणखी एक रकाना हवा: हद्द कोणत्या वर्षाची.