शेवटच्या कडव्यातलं नाव

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गॉस्पेल गीतं चर्चमध्ये वाढली आणि तबकड्यांवरून जगभर गेली. स्टेपल सिंगर्ससारखी बाप-लेकींची कुटुंबंच्या कुटुंबं ती गात राहिली. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काही असेल, तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचं भीमगीत. देव नाकारणाऱ्या माणसावरची ही भक्तिगीतं म्हणायची का, हा वाद असू द्या. नांदेड-लातूरकडे १४ एप्रिलला, त्यांच्या जयंतीच्या रात्री मंडपात बसलेल्याला तो प्रश्न पडत नाही.

भीमगीताचं मूळ आंबेडकरी जलशांत, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांत. भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३०च्या दशकात गावं जागवली. त्यानंतर आले वामनदादा कर्डक. गिरणीत काम करता करता मोठेपणी अक्षरं शिकले, १९४३ पासून गाणी रचू लागले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव फिरत राहिले. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो, अभंगात ‘तुका’ येतो तसा. गाणं कुणीही गावं, कुठेही गावं, कवीचं नाव गाण्यातच शिवलेलं.

ही शिवण रेकॉर्डिंगने उसवली. गायन पार्टीच्या, म्हणजे गायक-वादकांच्या संचाच्या, कार्यक्रमात एक गाणं अर्धा तास चालायचं. गायक ओळ घोळवायचा, ढोलकी चढायची, मध्येच शेर यायचा, समोरच्या पार्टीला जवाब जायचा. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, वेळ वाढला, गाणी वस्तीवस्तीत पोचली; पण कव्हरवर फोटो आणि ठळक नाव गायकाचं. आता मोबाइलवर मुखडा आणि एक कडवं वाजतं. शेवटचं कडवं गळालं की कवीही गळतो.

गायकांचं श्रेय कमी करायचं नाही. प्रल्हाद शिंदे यांचा कव्वालीत तयार झालेला खडा आवाज भीमगीतांत जितका पोचला, तितकाच विठ्ठलाच्या गाण्यांतही. पंढरीच्या वाटेवर तो अजून वाजतो. पुढे त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, त्यानंतर नातू आदर्श आणि उत्कर्ष. २०१९ मध्ये बाबासाहेबांवरच्या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत आदर्शने गायलं. घराणं म्हणायला शास्त्रीय गायकच लागतात असं थोडंच आहे! दुसरीकडे, एकतारीवर दारोदार गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलच्या व्हिडिओंनी महाराष्ट्रभर पोचल्या. कॅसेट कंपनीची पायरी त्यांना चढावी लागली नाही.

मराठवाड्यात या गाण्यांना एक वेगळी धार आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे त्यात मारले गेले; १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. ही नावं गाण्यांत गेली आणि शिकलेल्या-न शिकलेल्यांच्या तोंडी राहिली. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, लातूर त्यातच आलं.

नावं जपून रेकॉर्डिंग करता येतं, याचा दाखला लातूरच्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातलं हे काम. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि गाणारीचं नाव, गाव, तालुका त्यांच्यासोबत नोंदलेला आहे. बाजाराने जे केलं नाही, ते दोन अभ्यासकांनी केलं.

नांदेड-लातूरच्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटींची फीत आता झडू लागली आहे. नांदेडच्या विद्यापीठाने त्या गोळा करण्यात पुढाकार घ्यावा. आणि तुमच्या घरी एखादी असेल, तर मोबाइलवर टाकण्याआधी ती शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. त्यात जे नाव येईल, ते गायकाच्या नावाशेजारी लिहा.