रोकफोर : एका नावावर उभे असलेले गाव

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम पॅरिस उभे राहते. तेथील राजवाडे, राज्यक्रांती, चित्रशाळा यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. परंतु आज आपणांस जावयाचे आहे ते पॅरिसपासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्यात. रोकफोर-सुर-सूल्झों हे त्याचे पूर्ण नाव. सूल्झों हा त्याच्या खालून वाहणारा ओढा. वस्ती पाचसहाशे माणसांची. म्हणजे आपल्याकडील एखाद्या वाडीएवढी. गाव डोंगराच्या उत्तर उतारावर, कड्याला टेकून बसलेले. हिवाळ्यात ऊनसुद्धा बेताचेच. आणि तरीही या गावाचे नाव जगातल्या मोठमोठ्या शहरांतील दुकानांत वाचावयास मिळते. असे का व्हावे, हा आजचा प्रश्न होय.

याचे थोडक्यात उत्तर सर्वांना ठाऊक आहे. येथे मेंढीच्या दुधाचे एक चीज तयार होते व त्याला गावाचेच नाव आहे. परंतु चीज तर फ्रान्समध्ये गावोगाव होते. तेव्हा खरे उत्तर शोधावयाचे तर आधी डोंगराकडे, मग माळाकडे आणि शेवटी कायद्याकडे पाहिले पाहिजे.

डोंगराचे नाव कोंबालू. हा चुनखडीचा डोंगर आहे आणि त्या चुनखडीखाली चिकणमातीचे थर आहेत. फार प्राचीन काळी ही माती पाण्याने निसरडी झाली आणि डोंगराचा उत्तरेकडील मोठा भाग घसरून कोसळला. एकावर एक पडलेल्या प्रचंड शिळांचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा ढिगारा तयार झाला. त्या शिळांच्या मधून पोकळ्या राहिल्या, त्याच रोकफोरच्या गुहा. या गुहांना बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या लांबच लांब भेगा खडकातून गेलेल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘फ्लरीन’ म्हणतात. डोंगराच्या पोटातल्या ओलाव्यावरून येणारी गार हवा या भेगांतून अखंड खेळत राहते. त्यामुळे बाहेर कडक उन्हाळा असो वा बर्फ पडलेले असो, गुहेत तपमान साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस आणि हवा दमट ती दमटच. निसर्गाने केलेली ही वातानुकूलित कोठारे होत. एका दरडीने एरवी गाव उद्ध्वस्त व्हावयाचे. येथे दरडीनेच गाव वसविले.

आता माळाकडे वळू. रोकफोरच्या पूर्वेस लार्झाकचे विस्तीर्ण पठार पसरले आहे. तेही चुनखडीचेच. पाऊस पडतो, पण पाणी वर थांबत नाही. ते खडकातून झिरपून खोल निघून जाते. मातीचा थर पातळ, झाडोरा खुरटा. अशा भूमीत गव्हाची भरघोस शेती व्हावयाची नाही आणि गाईम्हशींना पुरेसा हिरवा चाराही मिळावयाचा नाही. तगते ती मेंढी. बाराव्या शतकात टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाने या पठारावर आपल्या वसाहती स्थापन केल्या आणि मेंढपाळी वाढविली. त्यांच्या काळच्या खुणा असलेली तटबंदीची गावे आजही तेथे उभी आहेत. लाकोन जातीची मेंढी हे या प्रदेशाचे धन. तिचे दूध वर्षभर मिळत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत मिळते. एक किलो चीज होण्यास सुमारे साडेचार लिटर दूध लागते.

हे दूध न तापवता साकळवतात. त्यात एका विशिष्ट बुरशीची बीजे मिसळतात. या बुरशीला शास्त्रज्ञांनी गावावरूनच ‘पेनिसिलियम रोकफोर्ती’ असे नाव दिले आहे. पूर्वी ती राय नावाच्या धान्याच्या पावावर गुहेतच वाढवीत. अडीच-तीन किलोंचे गोल गड्डे करून त्यांना मीठ चोळतात, सुयांनी आरपार टोचतात आणि गुहेत लाकडी फळ्यांवर मांडतात. टोचण्याचे कारण असे की, त्या छिद्रांतून हवा आत गेल्याखेरीज बुरशी वाढत नाही. मग पांढऱ्या चिजात निळ्या-हिरव्या शिरा उमटू लागतात. दूध साकळल्यापासून किमान ९० दिवस झाल्यावाचून माल विकावयाचा नाही, असा नियम आहे. गुहांतील हे सारे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले. ‘काबान्येर’ म्हणून त्या ओळखल्या जात. थंडी आणि ओल यांत दिवसचे दिवस उभे राहून मीठ लावणाऱ्या, गड्डे खरवडणाऱ्या या स्त्रियांच्या हातांवर गावाची कीर्ती उभी राहिली, हे विसरता कामा नये.

तथापि डोंगर आणि मेंढी एवढ्यानेच गाव मोठे झाले नसते. तिसरी गोष्ट म्हणजे कायदा. १४११ साली फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने रोकफोरच्या रहिवाशांना सनद दिली की, हे चीज मुरविण्याचा हक्क त्यांचाच. १६६६ साली तूलूझच्या न्यायपीठाने नकली माल ‘रोकफोर’ म्हणून विकणाऱ्यांविरुद्ध निर्णय दिला. पुढे २६ जुलै १९२५ रोजी फ्रान्सच्या संसदेने या एका चिजासाठी स्वतंत्र कायदा केला. उगमस्थानाच्या नावाचे असे संरक्षण मिळालेले हे फ्रान्समधील पहिले चीज. १९६१ साली मियो येथील न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या मालालाच हे नाव लावता येईल.

या कायद्यातील तत्त्व नीट समजून घेण्यासारखे आहे. व्यापारी चिन्ह एका मालकाचे असते. तो ते विकू शकतो. गावाचे नाव मात्र कोणा एकाचे नाही. जो कोणी ठरलेल्या जातीच्या मेंढीचे, ठरलेल्या प्रदेशातील दूध घेऊन, ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या गुहांत चीज मुरवील, त्याला ते वापरता येते. म्हणजे हा हक्क आहे, तसेच हे बंधनही आहे. आपल्या देशातही भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला, तो २००३ पासून अंमलात आला आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला त्याखाली नोंदणी मिळाली. तेव्हा रोकफोरची कथा आपणांसही परकी नाही.

परंतु नाव टिकले म्हणजे त्या नावामागचा माणूस टिकतोच असे नाही. १९७१ साली फ्रेंच सरकारने लार्झाकवरील लष्करी तळ सुमारे ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढविण्याचे जाहीर केले. ज्यांच्या मेंढ्यांचे दूध रोकफोरला जाई, त्यांच्याच जमिनी जाणार होत्या. मार्च १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वसंतात लांझा देल व्हास्तो यांनी पठारावर येऊन पंधरा दिवसांचे उपोषण केले. हे गृहस्थ १९३७ साली वर्ध्यास येऊन गांधीजींजवळ राहिले होते आणि गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले होते. वर्ध्याचा अहिंसेचा विचार अशा रीतीने फ्रान्सच्या मेंढपाळांपर्यंत पोहोचला. त्या लोकांनी पॅरिसला आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या नेऊन सोडल्या, १९७८ मध्ये राजधानीपर्यंत पायी मोर्चा नेला, पण शस्त्र उचलले नाही. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांनी ती योजना रद्द केली. सरकारने घेतलेल्या जमिनी १९८५ पासून शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेकडे दीर्घ मुदतीने सोपविण्यात आल्या.

पुढे वेगळ्याच दिशेने संकट आले. संप्रेरके दिलेल्या गोमांसावरून युरोप व अमेरिका यांचा तंटा झाला, तेव्हा १९९९ साली अमेरिकेने रोकफोरवर शंभर टक्के जकात बसविली. तंटा गोमांसाचा, दंड मेंढपाळाला! त्याच ऑगस्टमध्ये मियो येथे बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्डचे खाद्यगृह शेतकऱ्यांनी मोडले. त्यांचे पुढारी जोझे बोव्हे हे स्वतः रोकफोरसाठी दूध देणारे मेंढपाळ होते. जानेवारी २००९ मध्ये ही जकात तीनशे टक्के करण्याची घोषणा झाली, परंतु ती लागू होण्यापूर्वीच तडजोड झाली. नाव जगभर पसरले की जगभरच्या भांडणांत ते सापडते.

आणि खुद्द गावाचे काय? विसाव्या शतकाच्या मध्यास येथील वस्ती हजाराच्या वर होती. यंत्रे आली तसे गुहांतील हात कमी लागू लागले. उतारावरच्या अरुंद गावात नवी घरे बांधावयास जागा नाही. पुष्कळ कामगार खाली सेंत-आफ्रिक किंवा मियोकडे राहतात आणि कामापुरते वर येतात. सर्वांत मोठी कंपनी आता एका प्रचंड दुग्धव्यवसायसमूहाच्या मालकीची आहे. फ्रान्समध्येही सौम्य चवीच्या, स्वस्त चिजांकडे लोक वळल्यामुळे रोकफोरचा खप गेल्या काही दशकांत उतरला आहे.

यावरून गावाचे चुकले असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. कायदा नसता तर हे चीज केव्हाच कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही दुधाचे झाले असते आणि पठारावरील मेंढपाळ शहरांत पांगले असते. आजही हजाराहून अधिक शेतघरांना या एका नावाचा आधार आहे. मात्र कायदा नावाची चोरी थांबवू शकतो. नावामागे राबणाऱ्याला योग्य दाम, मेंढीला माळ आणि गावात मूल वाढविण्याजोगे घर तो आपोआप देऊ शकत नाही. त्यासाठी लोकांनाच पुन्हा पुन्हा एकत्र यावे लागते. लार्झाकच्या मेंढपाळांना हे दहा वर्षांच्या झगड्यातून कळले. ज्या गावांना आता कुठे आपल्या नावाचा कागद हाती येऊ लागला आहे, त्यांनी रोकफोरकडून सनदेबरोबर हाही धडा घ्यावा.