कंठाची चाकरी

रंगभूमीवरील नटास तीन गोष्टींचा आधार असतो: समोर उभा असलेला सहनट, आरंभापासून अखेरपर्यंत ठाऊक असलेले कथानक, आणि अंधारात बसलेला, परंतु ज्याचा हुंकार आणि ज्याची चुळबुळ क्षणोक्षणी जाणवते असा प्रेक्षक. व्हिडिओ गेममधील पात्रांस आवाज देणाऱ्या नटाकडून हे तिन्ही आधार बहुधा पहिल्याच दिवशी काढून घेतले जातात आणि तरीही त्याच्याकडून अस्सल अभिनयाचीच अपेक्षा केली जाते, ही गोष्ट लॉस एंजेलिसजवळील बर्बँक येथील एका ध्वनिमुद्रणगृहात, तेथे ध्वनिमुद्रक असलेल्या माझ्या भाच्याच्या वशिल्याने, एक अख्खा दिवस बसावयास मिळाले तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आली. आत जाण्यापूर्वी माझ्याकडून गोपनीयतेचा करारनामा लिहून घेण्यात आला. सबब या लेखात खेळाचे नाव येणार नाही. किंबहुना ते मलाही कळले नाही, कारण दप्तरी कागदांवर एक सांकेतिक नाव तेवढे घातलेले होते.

बूथ म्हणजे जाड अस्तराच्या भिंतींची एक लहानशी खोली. तीत एक मायक्रोफोन, त्याच्यासमोर फुंकर अडविणारी जाळी, एक पडदा आणि कोमट पाण्याचा थर्मास. पडद्यावर नाटकाची संहिता नसून कारकुनी थाटाचा तक्ता असतो: एका रकान्यात फाइलचे नाव, दुसऱ्यात प्रसंगाचे त्रोटक टिपण आणि तिसऱ्यात वाक्य. ‘तू परत आलास?’ एवढेच ते वाक्य. कोण परत आला, कोठून आला, त्याच्या येण्याने आनंद व्हावयाचा की भय वाटावयाचे, हे काचेपलीकडे बसलेली दिग्दर्शिका दोन वाक्यांत सांगते, आणि नट तेच वाक्य मध्ये न थांबता तीन निरनिराळ्या तऱ्हांनी उच्चारून मोकळा होतो. त्यांतील एक निवडली जाते व पुढची ओळ येते. ऐकणारा किती अंतरावर उभा आहे हाही प्रश्न दर वेळी विचारला जातो, कारण खेळातील पात्र शेजारी असेल तर स्वर वेगळा, मैदानापलीकडे असेल तर वेगळा, आणि हे सारे अंतर नटाला जागचे न हलता केवळ छातीच्या जोरावर निर्माण करावे लागते. मायक्रोफोनची श्रवणशक्ती मात्र मोठी क्रूर आहे. अत्यंत करुण असे एक वाक्य नटाच्या पोटातील गुरगुरीने वाया गेले, तेव्हा सर्वांनी हसून घेतले आणि एका केळ्याची व्यवस्था झाली.

या वाक्यांपैकी पुष्कळशी कोणाच्या कानी पडणारच नसतात, हे मला या धंद्याचे सर्वांत विलक्षण लक्षण वाटते. खेळणारा डाव्या वाटेने गेला तर उजव्या वाटेवरचे संवाद मुकेच राहतात. 2007 साली सुरू झालेल्या ‘मास इफेक्ट’ या मालिकेत नायक पुरुष असावा की स्त्री हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असल्यामुळे, शेपर्ड नामक त्या सेनाधिकाऱ्याचे संवाद मार्क मीर आणि जेनिफर हेल या दोघांनीही म्हटले. एकदा निवड झाली की त्या डावापुरते दुसऱ्याचे सारे श्रम गुप्तधनासारखे पडून राहतात. आपल्या वाक्याची प्रेक्षकांतून दाद न मिळणे हे दुःख नटास परिचयाचे आहे. परंतु ते वाक्य बोललेच जाणार की नाही हे भलत्याच कोणाच्या बोटांवर अवलंबून असावे, ही अवस्था निराळी. अलीकडे काही मोठ्या खेळांत अंगावर खुणांचे पोशाख चढवून नट एकत्र अभिनय करतात, जसा 2013 च्या ‘द लास्ट ऑफ अस’ मध्ये ट्रॉय बेकर आणि अ‍ॅशली जॉन्सन यांनी केला. तेथे सहनट परत मिळतो. परंतु ते भाग्य थोड्यांचे.

दिवसाच्या अखेरीस, बुद्ध्या अखेरीस, ‘एफर्ट्स’चा, म्हणजे मार खाताना व मरताना निघणाऱ्या आवाजांचा, तास आला. शब्दांचे काम संपल्याशिवाय हे काम हाती न घेण्याचा शिरस्ता आहे, कारण त्यानंतर कंठ कोणत्याच कामाचा राहत नाही. हलका ठोसा, मध्यम ठोसा, जबर ठोसा. कमी उंचीवरून पडणे, कड्यावरून पडणे. जळणे, बुडणे, गळा आवळला जाणे: तक्त्यातील एकेका ओळीबरहुकूम तो मनुष्य मरत होता आणि मधून मधून पाणी पीत होता. त्याच्या मानेच्या शिरा तटतटून फुगत, डोळ्यांत पाणी येई आणि तरीही दिग्दर्शिकेची सूचना येई की किंकाळी उत्तम आहे, परंतु ती जळण्याची न वाटता भीतीची वाटते. मी त्या दोन्ही ऐकल्या होत्या. भेद खरोखरच होता.

हे काम हलके समजण्याचे कारण नाही. या व्यवसायातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध कंठ जो चार्ल्स मार्टिने यांचा, त्याने 1996 च्या ‘सुपर मारिओ 64’ पासून 2023 साली मारिओची भूमिका दुसऱ्याच्या स्वाधीन होईपर्यंत जो लौकिक मिळविला, तो प्रामुख्याने आरोळ्या, हुंकार आणि दोन-चार शब्दांची वाक्ये यांच्या बळावर.

मेहनतान्याची कथा मात्र लौकिकाशी जुळत नाही. 2008 सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’ मध्ये नायकाची भूमिका करणाऱ्या मायकेल हॉलिक यांना सुमारे 15 महिन्यांच्या कामाचे एक लाख डॉलरच्या आसपास मिळाले. खेळाची विक्री पहिल्याच आठवड्यात 50 कोटी डॉलरवर गेली आणि त्यातील छदामही त्यांच्या वाट्यास आला नाही. ‘सॅग-आफ्ट्रा’ या कलावंतांच्या संघटनेने 21 ऑक्टोबर 2016 रोजी संप पुकारला तेव्हा मागण्यांत विक्रीतील वाटा होता, आणि किंकाळ्यांचे काम एका बैठकीत दोन तासांपुरतेच असावे हीही होती. संप 340 दिवस चालला. तह झाला त्यात विक्रीतील वाटा मिळाला नाही. बैठकींच्या संख्येनुसार जादा रक्कम देण्याचे ठरले, आणि काम पत्करण्यापूर्वी खेळाचा प्रकार तरी नटास सांगितला पाहिजे असे कलम आले. आपण कोणत्या खेळात बोलणार हे कळावे यासाठी संप करावा लागतो, यावरून त्या गोपनीयतेची तऱ्हा ध्यानी यावी.

दुसरा संप जुलै 2024 मध्ये झाला तो यंत्राने आवाजाची नक्कल करण्याच्या प्रश्नावर, आणि जुलै 2025 मध्ये सभासदांनी मंजूर केलेल्या करारात नटाच्या संमतीवाचून अशी नक्कल करता येणार नाही, इतकेच नव्हे तर संपाच्या काळात दिलेली संमतीही स्थगित करता येईल, असे ठरले. नामांकित कंठांचे यामुळे रक्षण होईल असे मला वाटते. काळजी वाटते ती ‘बार्क्स’ म्हणविणाऱ्या फुटकळ ओळींची: ‘तो पाहा!’, ‘बॉम्ब!’, ‘गोळ्या संपल्या!’ असे ओरडून पुढच्याच क्षणी मरणाऱ्या बिननावाच्या शिपायांची. ते काम यंत्राच्या बनावट आवाजाकडूनच करून घेतले, तर संमती मागावी असा नट मुळात कोणी उरतच नाही. त्या दिवशी मधल्या सुटीत बूथमधील नटाशी बोलणे झाले, तेव्हा त्याचे या धंद्यातील पहिले काम एका युद्धाच्या खेळातील अशाच शिपायांचे होते, असे त्याने सांगितले. त्या शिपायांपैकी एकाच्या तोंडी अधिकचे एक वाक्य घालावयाचे होते, म्हणून त्याला दुसऱ्यांदा बोलावणे आले, आणि त्या वाक्याने त्याला पहिली नाव असलेली भूमिका मिळाली.