आवड, अडचण आणि अपराध

सकाळी ९.३०
पुण्यातल्या माझ्या क्लिनिकच्या पाटीवर फक्त ‘मानसोपचार’ लिहिलं आहे. लैंगिक प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण नोंदणीच्या कागदावर ‘झोप लागत नाही’ असं लिहितात. खरं कारण दार लागल्यावर कळतं, तेही वेळ संपत आली की. म्हणून अशा पेशंटना मी सकाळची लांब वेळ देते.

१०.००
आयटीतला तरुण. “मॅडम, मी विकृत आहे का?” वयात आल्यापासून त्याला बायकांची पावलं, पैंजण, सँडल यांचं आकर्षण. घरी स्थळं बघायला लागले आणि त्याची झोप उडाली. एका भोंदूनं तेल आणि पुड्या देऊन बरेच पैसे काढले.

मी तीन गोष्टी विचारते. कोणाच्या नकळत किंवा मनाविरुद्ध काही केलंस का? त्याशिवाय उत्तेजना येतच नाही, असं आहे का? नोकरी, नाती बिघडताहेत का? तिन्ही वेळा ‘नाही’. मग त्याला सांगते की फेटिशमध्ये, म्हणजे एखाद्या वस्तूच्या किंवा अवयवाच्या लैंगिक ओढीत, पाय आणि पादत्राणं सर्वांत जास्त आढळतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १,०४० प्रौढांची पाहणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्म्यांना ‘चाकोरीबाहेरची’ म्हणावी अशी एखादी तरी आवड होती. त्याला छळतेय ती शरम, आणि उपचार शरमेवर करायचे.

“लग्नाआधी सांगू?”
“होकार पक्का होण्याआधी सांग. पण समोरच्या मुलीला मोकळेपणानं नाही म्हणता येईल, अशा वेळी.”

११.३०
तिशीतलं जोडपं. दोघांशी आधी वेगवेगळं बोलते, कारण एकत्र बसल्यावर ‘आमचं दोघांचंही मत’ म्हणजे बहुधा एकाचंच असतं. इथं इच्छा तिची आहे. हात बांधावेत, थोडा जोर असावा. नवरा हादरलाय. “आमच्या घरी बाबा आईवर हात उगारायचे. मी तसं कसं करू?”

त्याची भीती खोटी नाही, म्हणून फरक नीट उलगडावा लागतो. मारहाणीत कोणी विचारत नाही आणि थांब म्हटल्यावर थांबत नाही. किंकमध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीनं होणाऱ्या अशा खेळात, काय करायचं, काय नाही, हे कपडे अंगावर असताना ठरतं. एक सेफवर्ड, म्हणजे थांबण्याचा शब्द, ठरतो आणि तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबतं. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, कात्री हाताशी ठेवायची, बोटं बधिर झाली की लगेच सोडायचं, दारू पिऊन काही करायचं नाही. गळा आवळण्याची मात्र सुरक्षित पद्धत नाही, तो विषयच बंद.

हे खूळ इंटरनेटनं आणलं, असं त्याला वाटत होतं. पण कामसूत्रात प्रहारांवर अख्खा अध्याय आहे आणि इशाराही. कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून रतिक्रीडेत ‘कर्तरी’ प्रहारानं राणी मलयवती दगावली, ही गोष्ट वात्स्यायन सावध करण्यासाठीच सांगतो. तरीही नवऱ्याचं मन धजत नसेल, तर त्यालाही नकाराचा हक्क आहे. हे त्याला तिच्यासमोर सांगते.

दुपारी १.३०
डबा खाताना शिकाऊ डॉक्टरचा प्रश्न : “अशा आवडी काल आजार, आज नाही, असं कसं?” मानसोपचारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ मध्ये अशा आवडींची यादी केली ती रोग म्हणून. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसूचीनं वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगसूचीत फेटिशिझम आणि संमतीनं होणारा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातलं लैंगिक सुख) आजारांच्या यादीत नाहीत. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. आंबेडकर, तरी कर्व्यांना दंड झालाच.

३.००
चाळिशीचा गृहस्थ. गर्दीच्या बसमध्ये बायकांना अंग घासताना पकडला गेला. “मॅडम, हे माझं फेटिश आहे. समजून घ्या.”

समजून घेते, पण माफी माझ्याकडे नाही. जिच्या अंगाला तो लागला तिला कोणी विचारलं नव्हतं. आयसीडी-११ नं चोरून बघणं, अंग घासणं, उघडं होऊन दाखवणं हे विकार यादीत ठेवले, त्यामागे हेच कारण आहे. कायद्यानं हा गुन्हाही आहे. औषधं, समुपदेशन, गर्दीच्या वेळी बसनं न जाणं हे सगळं आजपासून सुरू होईल. उपचार घेतोय म्हणून गुन्हा पुसला जाणार नाही, हे त्याला दोनदा ऐकवते.

५.००
साताऱ्याहून आलेल्या बाई. “ह्यांना तो साटीनचा गाऊन लागतोच. मी आत आहे की नाही, ह्यानं काही फरक पडत नाही.”

सकाळचा मुलगा उगाच घाबरला होता. इथं नुकसान खरं आहे. एखादी वस्तू जोडीदाराची जागाच घेते तेव्हा विकाराचा विचार करावा लागतो. नवऱ्याला ओरडून किंवा गाऊन जाळून ते सुटत नाही. त्यांना सोबत आणायला सांगते. गाऊनशिवायची जवळीक, आधी नुसता स्पर्श, हळूहळू वाढवत न्यायची. तोवर? “नको वाटेल त्या दिवशी नाही म्हणा. बायको म्हणून तुम्ही ते देणं लागत नाही.” बाई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसतात.

७.१५
एका वकिलांचा फोन. घटस्फोटाच्या केससाठी त्यांना त्यांच्या अशिलाचा नवरा ‘विकृत’ असल्याचा दाखला हवाय.

“वकीलसाहेब, ज्यांना मी तपासलंच नाही त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिणार नाही. तपासलं असतं, तरी विकृत असं निदान माझ्या पुस्तकात नाही. जबरदस्ती झाली असेल, तर केव्हा आणि कशी ते तुमच्या अशिलाकडून लिहून घ्या. कोर्टात गाऊन आणि सँडल नाही, ते कामाला येईल.”