कारखान्याने सोडलेलं एक भोक

घरी विमान बांधणाऱ्याची पहिली अडचण आकाशाची नसते, गॅरेजची असते. आरव्ही-७ हे अमेरिकेतलं दोन आसनांचं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ फूट भरतं. दोन मोटारींच्या गॅरेजातही पंख लावून ते सहसा मावत नाही. त्यामुळे धड मधोमध, इंजीन कोपऱ्यात आणि दोन्ही पंख लाकडी घोडीवर, पुढची कड खाली करून भिंतीला समांतर उभे, असा संसार कित्येक वर्षं चालतो. पंख धडाला लागतात ते बहुधा विमानतळावरच्या भाड्याच्या हँगरमध्ये. घरच्यांना गॅरेज परत मिळतं, हा त्यातला वेगळा आनंद.

ही विमानं सुट्या भागांच्या किटच्या रूपात येतात, ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ही कंपनी सुरू केली आणि आजवर तिच्या आराखड्यांवरची ११,०००हून अधिक विमानं उडाली आहेत. ती बांधली मात्र ज्याची त्याने. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा नियमच तसा आहे: निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तरच ते विमान ‘हौशी बांधणी’त मोडतं. लाकडी खोक्यांतून ॲल्युमिनियमचे पत्रे, पट्ट्या, फासळ्या येतात. त्यांवरची भोकं यंत्राने आधीच पाडलेली असतात. एका भागाचं भोक दुसऱ्याच्या भोकावर बसलं की भाग आपोआप योग्य जागी येतो. मग कडा घासायच्या, तात्पुरत्या पिना लावायच्या आणि हजारो रिव्हेट ठोकायचे. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात मोठे निर्णय फारसे नाहीत. ते कारखान्याने तुमच्या वतीने घेतलेले असतात.

भोकांवरचा हा विश्वास किती नाजूक असतो ते अलीकडे दिसलं. बाहेरून लेझरने कापून घेतलेल्या काही भागांच्या भोकांना रिव्हेटच्या डोक्यासाठी खोलगट आकार देताना कडेला चिरा दिसू लागल्या. भाग बदलून देण्याचा बोजा आणि इतर तोटे मिळून कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाच्या दारात गेली. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरून बाहेर आली.

पंख जोडताना सगळा भार मुख्य स्पारवर, म्हणजे पंखाच्या कण्यावर असतो. दोन्ही पंखांच्या कण्यांची टोकं धडात शिरतात आणि आसनांच्या पुढच्या कडेखाली, धडातल्या दोन आडव्या भिंतींच्या मधल्या फटीत बसतात. तिथे प्रत्येक बाजूला चार जाड बोल्ट असतात, दोन वर आणि दोन खाली, सुमारे ११ मिलिमीटर जाडीचे. त्यांच्या सोबतीला आणखी काही बारके. ही मांडणी समजून घ्यावी अशी आहे. कसरतीच्या उड्डाणासाठी आरव्ही-७चं वजन १,६०० पौंडांच्या आत ठेवतात आणि स्वतःच्या वजनाच्या सहापट भार ती रचना पेलते. म्हणजे एकेका पंखाची उचल दोन टनांच्या पुढे. ही उचल धडापासून बऱ्याच दूरवर पसरलेली, आणि तिला तोंड द्यायला कण्याची उंची वीतभर. त्यामुळे मुळाशी कण्याची वरची पट्टी उचलीच्या कितीतरी पट जोराने दाबली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने ताणली जाते. बोल्टांवर ताण येतो तो आडवा, कातर चालवावी तसा. नट फक्त बोल्ट जागेवरून निसटू देत नाही. म्हणून इथे घट्ट आवळण्यापेक्षा बोल्ट भोकात किती नेमका बसला याला महत्त्व. तो हाताने सहज आत गेला, तर खूश होऊ नये.

मुख्य कण्याची ही भोकं कारखान्यातूनच येतात. अंतिम बोल्ट लगेच घालत नाहीत. आधी टोक निमुळतं केलेले साधे बोल्ट घालून तीन-चार मित्रांच्या मदतीने पंख आत ढकलायचा, आणि मग मोजमापाला बसायचं. कारण एक भोक कारखान्याने मुद्दाम पाडलेलं नसतं. पंखाला मागेही एक बारीक स्पार असतो. त्याचं टोक धडावरच्या दोन पट्ट्यांमध्ये शिरतं आणि तिथून एकच बोल्ट जातो, ८ मिलिमीटरचा. त्याचं भोक बांधणाऱ्याने पाडायचं. ते वर-खाली सरकलं की पंखाचा धडाशी असलेला कोन बदलतो, आणि आत-बाहेर सरकलं की अख्खा पंख किंचित पुढे किंवा मागे झुकतो. हजारो रिव्हेट ठोकताना साचलेली केसभर तफावत शेवटी इथेच येऊन निस्तरायची असते, आणि ती प्रत्येक विमानात वेगळी. ती कारखान्याला कशी कळणार?

इथे कामाला येतात ती गवंड्याची हत्यारं. धड पाणसळीने दोन्ही दिशांनी सपाट करायचं. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडांवरून चार ओळंबे सोडायचे. या पंखाची पुढची कड सरळ असते, त्यामुळे चारही दोऱ्या एका ताणलेल्या सुताला लागल्या पाहिजेत. मग पायाची आखणी करताना गवंडी कर्ण मोजतो तसं शेपटीच्या एका बिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांचं अंतर मोजायचं. कोनासाठी मागच्या स्पारवर ठरलेल्या उंचीचा ठोकळा ठेवून त्यावर डिजिटल पाणसळ लावायची. दोन्ही पंखांचा कोन सारखा हवा. एकाचा कणभर जास्त असला तर तो जास्त उचलतो आणि विमान सतत दुसऱ्या बाजूला कलतं.

यात आणखी एक अट अडवते. भोकाच्या मध्यापासून पट्टीची कड बोल्टच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरपेक्षा जवळ नको, नाहीतर पत्रा कडेने फाटू शकतो. ही अट दोन्ही भागांवर एकाच वेळी पाळायची, आणि एक भाग दुसऱ्याच्या आत दडलेला. म्हणून पट्ट्यांवर आधी रेषा आखून ठेवतात. सुरुवात बारीक भोकाने करतात, पुन्हा मोजतात, मग टप्प्याटप्प्याने ते मोठं करतात. माझ्या मते या छंदाची खरी कसोटी पहिल्या उड्डाणात नाही, इथे आहे. उडताना हाताशी प्रशिक्षण असतं. इथे ड्रिल एकदा सरळ न जाता तिरकं गेलं की पट्टीच बदलावी लागू शकते.

त्यानंतरची कामं झरझर होतात, निदान ऐकताना. खरे बोल्ट घालण्यापूर्वी फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती अनेकजण करतात, आकुंचन पावलेला बोल्ट थोडा सोपा जातो. नट आवळायचा टॉर्क पान्याने, तोही अडचणीच्या जागी, आरसा धरून. आवळलेल्या नटावर रंगीत लाखेची रेघ मारतात. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. पुढच्या कडेतल्या टाक्यांचे इंधनाचे नळ, वेगमापकाची नळी, दिव्यांच्या तारा, एलेरॉनचे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या झडपांचे दांडे, फ्लॅप हे सगळं एकेक करून जोडायचं. आणि वैमानिकाच्या हातातली दांडी डावीकडे नेल्यावर डावा एलेरॉन वर जातो ना, हे आपल्याखेरीज दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगायचं. उलटे जोडलेले एलेरॉन उड्डाणाच्या पहिल्या क्षणीच जीवावर बेततात.

आपल्याकडे कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, आणि व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. ते किट नव्हतं, आराखडा त्यांचा स्वतःचा. किटवाल्याला जो निर्णय एका भोकापुरता घ्यावा लागतो तो यादवांना प्रत्येक भोकाला घ्यावा लागला असणार. त्या गच्चीकडे कौतुकाने पाहणाऱ्यांनी याचाही हिशेब धरावा.

एवढं मोजूनही पहिल्या उड्डाणात एखादं विमान जरासं एका बाजूला जड निघतंच. त्याची पहिली दुरुस्ती पंखाच्या मुळाशी होत नाही. योग्य बाजूच्या एलेरॉनच्या मागच्या कडेची पत्र्याची घडी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून अगदी थोडी दाबायची, उडून पाहायचं, आणि लागली तर पुन्हा थोडी. एका बैठकीत फार दाबू नये, कारण दाबलेली घडी पुन्हा फुगवणं त्याहून त्रासाचं असतं.