आधी बटाटा, मग चाकू

गेल्या वर्षी पावसाळा सरताना आम्ही राजमाचीला गेलो होतो. श्रीवर्धन उतरून उधेवाडीत एका घराच्या ओसरीवर टेकलो, सॅकमधून काकड्या काढल्या आणि मी खिशातला लाल घडीचा चाकू उघडला. दहावीतल्या भाच्याची नजर काकडीवर नव्हती.

"मामा, मला असा कधी मिळणार?"

मी तोंड उघडायच्या आत ताईने उत्तर दिलं, "अठरा पूर्ण झाल्यावर. तेव्हा गाडीबरोबरच माग."

ताईचं उत्तर सोयीचं आहे. एकदा आकडा सांगून टाकला की रोज विचार करावा लागत नाही. पण अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी हात आपोआप शहाणा होत नाही. कोकणात आमच्या शेजारच्या घरातला याच वयाचा मुलगा कमरेच्या आकडीला कोयती अडकवून सकाळी काजूच्या बागेत जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो काही जन्मतः समंजस नाही. तो कोयती कशी धरतो, कुठे ठेवतो, हे बघणारी चार माणसं लहानपणापासून त्याच्या आजूबाजूला आहेत, एवढाच फरक. आमच्या भाच्याच्या घरी विळी माळ्यावर गेली आणि बटाट्याची सालं पीलरने निघतात. त्याच्या हातात धारदार असं काही आपण दिलेलंच नाही, तर त्याला जमेल की नाही हे कळणार कसं?

शिवाय "मिळणार" या एका शब्दात तीन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. चाकू वापरणं, चाकू आपला असणं आणि चाकू खिशात घालून हिंडणं. घरोघरी गोंधळ होतो तो या तिन्हींना एकच समजल्यामुळे. पहिली परवानगी आठ-नऊ वर्षांच्या पोरालाही कुणीतरी शेजारी बसून द्यावी. दुसरी नीट पारखून. तिसऱ्या परवानगीत मुलाच्या स्वभावाइतकाच गावाचा आणि कायद्याचाही संबंध येतो.

आता वस्तू बघू. आपल्याकडे चाकू म्हटला की डोळ्यांपुढे सिनेमातला रामपुरी येतो, खटका दाबला की बाहेर येणारा. स्विस चाकूचा वंश निराळा आहे. 1891 साली कार्ल एल्सनर नावाच्या स्विस कारागिराने आपल्या देशाच्या सैनिकांना चाकू पुरवायला सुरुवात केली. त्याच्याच कारखान्याचं पुढे व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्या पहिल्या चाकूत एक पातं, डबा उघडायचं हत्यार, भोक पाडायची आरी आणि एक पेचकस होता. पेचकस कशाला, तर बंदूक खोलायला. लढायला सैनिकाकडे बंदूक होतीच. चाकू होता डबे उघडायला आणि बंदुकीची देखभाल करायला. मुलाला चाकू देताना मला ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते.

असा चाकू हातात घेऊन हळूच उघडून बघा. पात्याच्या पाठीजवळ नखापुरती खाच असते. नख अडकवून ओढलं की सुरुवातीला जोर लागतो, मग एका क्षणी पातं आपणहून पुढे झेपावतं आणि टक्‌ करून उभं राहतं. ही करामत मुठीत मागच्या बाजूला बसवलेल्या पोलादी पट्टीची. पात्याचा बुंधा या पट्टीवर टेकलेला असतो आणि पट्टी त्याला दाबून धरते. बस्स. कडी नाही, कुलूप नाही. धारेच्या बाजूने दाब दिला, म्हणजे कापलं, तर पातं आणखी घट्ट उघडं राहतं. पण पाठीकडून दाब आला की पट्टी हार मानते आणि पातं मिटतं. मिटण्याच्या वाटेवर आपली चार बोटं असतात.

हे मला सातवीत कळलं, तेही दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. आकाशकंदिलाच्या कामटीला भोक पाडायचं होतं. चाकूचं टोक कामटीवर टेकवलं आणि मुठीवर जोर दिला. टोक घसरून वाकडं झालं, पातं पाठीवर दाबलं गेलं आणि तर्जनीवर मिटलं. वण अजून आहे. खरी चूक पुढची: बोटाला रुमाल गुंडाळला आणि आईला सांगितलं, दारात चेंगरलं. दोन दिवसांनी बोट सुजलं तेव्हा बिंग फुटलं. म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला नियम: या चाकूने कापायचं, तासायचं, टोचायचं नाही.

मग कुलूपवाला चाकू द्यावा का? फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 पासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा चाकू बनतो. 1955 मध्ये त्याच्या मानेवर धातूची एक फिरती कडी आली. ती फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. लहान मुलांसाठी त्यांचा टोक गोल केलेलाही चाकू असतो आणि नवशिक्याला माझं मत त्याला. दुसऱ्या एका प्रकारात मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी येऊन पातं रोखते. तो मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत ठेवूनच पट्टी सरकवावी लागते. मोठ्या माणसाची सुद्धा चुकायची वेळ येते, पहिल्या चाकूला तो नको. पातं अडीच इंचांच्या पुढे कशाला हवं, हेही मला कळत नाही. सफरचंद तेवढंच असतं.

आणि धार. "पोराला देतोय, बोथटच बरा" असं म्हणणाऱ्यांनी बोथट सुरीने पिकलेला टोमॅटो कापून बघावा. धार नसली की जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटला की लांब जाऊन थांबतो. चाकूबरोबर एक निसणाही द्यावा. पातं दगडावर बेताचं तिरपं धरून, दोन्ही बाजू सारख्या घासत, वीस मिनिटं बसायला लागतं. ज्याला वीस मिनिटं बसवत नाही त्याच्याबद्दलही आपल्याला काहीतरी कळतंच.

तर पारखायचं कसं? मी ताईला म्हटलं, महिनाभर त्याला स्वयंपाकघरात घाल. रोज बटाटे, सुरीने. मी अधूनमधून जाऊन बघत होतो. पहिल्या आठवड्यात सालाबरोबर निम्मा बटाटा जायचा, त्याचं काही नाही, हात बसायला वेळ लागतो. माझं लक्ष वेगळीकडे होतं. मधेच हाक मारली तर तो काय करतो? सुरी हातात तशीच ठेवून गर्रकन वळतो, की आधी ओट्यावर आडवी ठेवतो? कुणी मागितली तर मूठ पुढे करतो की टोक? काम संपल्यावर सुरी धुऊन जागेवर जाते, की साबणाच्या पाण्यात भांड्यांच्या तळाशी बुडून दुसऱ्या कुणाच्या बोटाची वाट बघते?

सगळ्यात जास्त कळतं ते कापायला काही नसताना. हातातलं काम संपलंय, गप्पा चालल्यात, तेव्हा हात काय करतो? सुरीने ओटा टोचणं, उडवून झेलणं, बोटांभोवती फिरवणं. आपल्याकडे आज्या म्हणायच्या, कात्री उगाच वाजवू नये, घरात भांडणं होतात. भांडणांचं माहीत नाही, पण रिकामी धार चाळवू नये हा धडा त्यांनी पोरांच्या गळी बरोबर उतरवला होता.

दुसऱ्या महिन्यात आम्ही लाकडावर गेलो. शेवग्याची ओली काठी चाकूला लोण्यासारखी असते. खाली बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, पातं अंगापासून दूर चालवायचं. मांडीवर काठी ठेवून तासायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. सुरू करण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि चहूकडे फिरवायचा. त्या रिंगणात कुणी आलं की पातं बंद. भाच्याने पहिल्या दिवशी रिंगण आखलं, ढलप्या छान काढल्या. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात त्याचे दोन मित्र आले. पाचव्या मिनिटाला चाकू गुलमोहराच्या खोडाकडे फेकला गेला. खोडात रुतला नाही, आपटून परत आला आणि एकाच्या चपलेपाशी पडला.

मी ओरडलो नाही, कारण हे अपेक्षित होतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ होता, सिग्नल बदलताना थांबायचं की दामटायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना बरीच सांभाळून खेळली. मित्र शेजारी बसवले की त्यांनी बेधडक धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असण्या-नसण्याने फरक पडला नाही. आवेग रोखणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. म्हणजे या अडनिड्या वयातलं पोर तुमच्यासमोर कितीही शहाणं वागलं, तरी ती अर्धीच परीक्षा. उरलेली मित्रांसमोर घ्यायची.

चाकू एका महिन्यासाठी माझ्याकडे परत आला. अमेरिकेतल्या स्काउट मुलांना चाकू-कुऱ्हाड वापरण्याचं एक कार्ड मिळतं. नियम मोडला की अनेक तुकड्यांमध्ये त्या कार्डाचा एक कोपरा कापतात, चारही गेले की कार्ड जप्त. मला ही पद्धत आवडते. मूल एका चुकीने नालायक ठरत नाही आणि चूक फुकटही जात नाही.

या सगळ्याआधी विचारायचा एक प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला: कशाला हवाय? "ट्रेकला", "काठ्या तासायला", "तुझ्याकडे आहे म्हणून", ही सगळी उत्तरं चालतील. "असावा जवळ, कधी काही झालं तर" हे उत्तर आलं की चाकूचा विषय तिथेच थांबवावा. दरडावू नये. शेजारी बसून विचारावं, काय होईल असं वाटतंय? शाळेत, क्लासच्या वाटेवर कुणी त्रास देतंय का? पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांत अल्पवयीन मुलं वारंवार दिसली. त्यातल्या सगळ्यांनीच हल्ल्यासाठी हत्यार घेतलं असेल असं मला वाटत नाही. काहींच्या खिशात ते भीतीपोटी आलं असणार. पण भांडणात हात खिशाकडे गेला की कारण उरत नाही. धारदार हत्याराने मुद्दाम दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 खालचा गुन्हा आहे.

कायद्याचं बाकीचं थोडक्यात. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची वगळली आहेत. आपला अडीच इंची चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली सणासुदीला, निवडणुकांना जे मनाई आदेश निघतात, त्यांत सुऱ्याही असतात, आणि तिथे इंच मोजत बसत नाहीत. विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत घालावा लागतो. आणि शाळेत न्यायचा नाही, यात चर्चेला जागा ठेवू नये. परदेशी राहणाऱ्यांनी तिथलं बघून घ्यावं. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू बाळगता येतो, पण पातं अडकणारा असेल तर योग्य कारण लागतं. बोट वाचवणारं कुलूप तिथे कायद्याला खटकतं, अशी गंमत.

शेवटी चाकू भाच्याला दिवाळीत मिळाला, अटींसकट. चाकू त्याचा, पण राहणार हॉलच्या कपाटात. खिशात फक्त ट्रेकला आणि मोठं कुणी बरोबर असेल तर. मित्र आले की कपाट बंद. कापलं तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उघडून बघायचं नाही, आणि घरात जे मोठं माणूस असेल त्याला लगेच सांगायचं. सांगितल्याबद्दल चाकू काढून घेतला जाणार नाही, लपवल्याबद्दल जाईल. माझ्या तर्जनीवरचा वण दाखवून हे कलम घातलं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस असते. त्याची सोळाव्याची बाकी होती, ती ताईने त्याच आठवड्यात उरकली.

या सगळ्या खटाटोपात भाचीकडे माझं लक्षच नव्हतं. ती आठवीत, तिने चाकू कधी मागितला नाही. परवा गेलो तेव्हा कुरिअरचं खोकं आलेलं होतं. तिने भावाला विचारून कपाटातून चाकू काढला, खोकं जमिनीवर ठेवलं, चिकटपट्टी अंगापासून लांब ओढत कापली, फोन वाजला तशी आधी पातं मिटवलं, तळहाताने पाठीवर दाबून, बोटं बाजूला ठेवून, आणि मग फोन उचलला.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तू दादाला शिकवत होतास तेव्हा मी तिथेच मटार सोलत होते की."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी गोल टोकाच्या ओपिनेलची किंमत बघायला फोन काढला.